मराठी कथा, तिचं सौंदर्य आणि तिचा समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ लागला की एका छोट्या दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा माझ्याकडे येऊ लागतात. पहिली चाळणी माझी. शिवाय महिन्यातून एकदा आमचा दहा-बारा जणांचा कथावाचनाचा गट बसतो. दोन्हीकडे फिरून फिरून तेच प्रश्न निघतात आणि दर वेळी मी थोडं वेगळं उत्तर देतो, अशी तक्रार आहे. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो आहे.

कथेचं सौंदर्य आणि तिचा सामाजिक संदर्भ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

वाचताना नसतात. कथेबद्दल बोलायला बसलो की होतात, कारण बोलण्याची ती सवय आपल्याला वारशाने मिळाली आहे.

ना. सी. फडके विरुद्ध वि. स. खांडेकर, ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’, हा वाद शाळेत निबंधाला आला नाही असा जुना विद्यार्थी सापडणार नाही. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये लेखनाचं तंत्र शिकवण्यासारखं मांडून दाखवलं. खांडेकरांना गोष्टीतून ध्येय पोचवायचं होतं. गंमत म्हणजे दोघांच्याही कथांतली माणसं आज सारखीच लांबची वाटतात. मग कवी आणि समीक्षक बा. सी. मर्ढेकर आले. त्यांनी सौंदर्याचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर उभा केला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1956 साली. कलाकृतीच्या रचनेकडे बारकाईने बघायचं वळण मराठी समीक्षेला लागलं त्यात मर्ढेकरांचा वाटा मोठा. पण त्याच वळणावर ‘हे कलेतलं’ आणि ‘हे कलेबाहेरचं’ अशी एक रेघही पडली, आणि समाज बहुधा रेघेपलीकडे गेला.

गटात कोणी ‘कथा कलात्मक आहे, पण सामाजिक आशय कमी पडतो’ असं म्हणालं की मी विचारतो, कुठल्या वाक्यात कमी पडतो? उत्तर क्वचित येतं.

‘समकालीन’ म्हणजे कधीपासून धरायचं?

अभ्यासक्रमात 1990 नंतरचं धरतात, कारण 1991 च्या आर्थिक धोरणानंतर गाव, शहर, नोकरी, बाजार सगळंच हललं. मला विचाराल तर मी 1982 पाशी खूण करीन. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ मासिक बंद पडलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पुढच्या कथेला जो समाज मिळाला तो संपानंतरचा होता, आणि कथा कशी असावी हे ठरवणारं एकच मोठं दार आता उरलं नव्हतं.

नवकथेने समाजाकडे पाठ फिरवली होती, हे खरं का?

अर्धं खरं. नवकथा म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपास मराठी कथेने घेतलेलं नवं वळण. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावं एका दमात घेतली जातात, पण चौघांच्या चार तऱ्हा. गाडगिळांनी घटनेचा दोर सोडला आणि मनाच्या तळाशी काय चाललंय ते पाहिलं. त्यांची माणसं चाळीत राहतात, महिनाअखेरीला रडकुंडीला येतात. समाज तिथे आहे, फक्त तो भाषण करत नाही.

माडगूळकरांचा ‘धर्मा रामोशी’ घ्या. ‘माणदेशी माणसं’ 1949 चं, कथा आणि व्यक्तिचित्र यांच्या शिवेवरचं पुस्तक. म्हातारा, उपाशी धर्मा एक जुनं धोतर मागून नेतो. नंतर ते धोतर दिसतं ते त्याच्या तरण्या मुलीच्या अंगावर. तिला घराबाहेर पडायलाही धड वस्त्र नव्हतं. लेखक त्यावर काही बोलत नाही. एक धोतर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेलं, एवढंच होतं, आणि वाचणाऱ्याच्या घशाशी आवंढा येतो. यातलं सौंदर्य कुठलं आणि सामाजिक संदर्भ कुठला, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही.

पाठ फिरवल्याचा आरोप नवकथेच्या नकलांना जास्त लागू पडतो. खिडकी, पाऊस, सिगारेट, आणि ‘त्याला काहीच वाटेना’. या मालाला पुढे लोक कंटाळले. 1969 मध्ये लघुनियतकालिकं, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेरचे छोटे बंडखोर अंक, काढणाऱ्या तरुणांनी ‘सत्यकथा’ची होळी केली, तिच्यामागे हा कंटाळाही होता आणि कोण छापलं जातं, कोण नाही, याचा रागही.

एखाद्या कथेत सामाजिक संदर्भ नेमका कुठे शोधायचा?

विषयात शोधू नका, हे पहिलं. विषय तर मथळ्यातही कळतो. शोधायचा तो घटनांच्या क्रमात, निवेदक कुठे उभा आहे त्यात, कुठली वस्तू किती वेळा येते त्यात.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ आमच्या गटात आम्ही तीनदा वाचली. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. अंगाने राक्षसासारखा, दगड फोडण्यात वाकबगार. एक दिवस खाण बंद पडते. घरी बायको, लाडकी लेक. डोकं धरून चालला असताना स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं, आणि मग तो राख चाळायला लागतो, पुढे पुरलेली मढी उकरायला लागतो. एका रात्री कोल्ह्यांच्या टोळीशी त्याची झुंज होते. एका मढ्यावर दोन्ही बाजूंचा दावा. प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात. शेवटी डॉक्टरला ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली.

पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्ही कोल्ह्यांच्या झुंजीवर बोललो. ती आहेच तशी थरारक. अण्णा भाऊ शाहीर होते, ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं कसं ते त्यांना ठाऊक. दुसऱ्या वेळी एक जण म्हणाला, बेकारीचा प्रश्न मांडलाय. तिसऱ्या वेळी गटातल्या एका बाईंनी सरळ विचारलं, ‘बोटंच का? पाय का नाही मोडला?’ मग सगळे गप्प. पहार आणि घण धरायला बोटं लागतात. खाणीने त्याला टाकलं, तो तिच्याशिवाय जगायला निघाला, आणि खाण परत बोलावते तेव्हा नेमकी तिच्या कामाची बोटं गेलेली असतात. बंद होण्याची वेळ मालकाची आणि सुरू होण्याचीही त्याचीच. हे सगळं गोष्टीच्या सांगाड्यातच आहे. शेवटी तो धिप्पाड माणूस पोरासारखा रडतो, त्या रडण्याचा अर्थ सांगायची गरज उरत नाही.

दलित साहित्याला वेगळं सौंदर्यशास्त्र कशाला हवं? चांगली कथा ती चांगली कथा.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. पण ‘चांगली’ हा शब्द कुणाच्या घरात घडला, हे विचारावं लागतं.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो, जात सांगत नाही. लोक त्याला मान देतात, घरात घेतात. शेवटी जात उघडी पडते आणि त्याच घरातून त्याला मार बसतो. वाचवायला आलेल्या सोबत्याला तो जे सांगतो त्याचा आशय असा: या माणसांनी मला मारलंच नाही, मला मारलं ते मनूने.

आता रूढ मापं लावा. भाषा भडक आहे. निवेदक संयम सोडतो. शेवट उघड आहे. नवकथेच्या मापाने तिन्ही दोष. पण कथेभर त्या तरुणाला दर क्षणी जपून बोलावं लागतं, हसताना, जेवताना, पत्ता सांगताना. एवढा वेळ दाबून ठेवलेला माणूस शेवटी संयमाने बोलला असता तर ती कथेची खोटी नक्षी झाली असती. इथला भडकपणा म्हणजे दाब सुटल्याचा आवाज आहे. ज्याला कधी जात लपवावी लागली नाही त्याचं ‘संयत शैली’चं माप इथे तोकडं पडतं.

हाच मुद्दा पुढे ग्रंथरूपाने आला. शरद पाटलांचं ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1988 चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1996 चं. दोघांच्या वाटा वेगळ्या. लिंबाळ्यांचा भर असा की आनंद देणं हे सगळ्या साहित्याचं एकमेव माप धरता येत नाही. जे साहित्य वाचकाला अस्वस्थ करायला लिहिलंय ते त्या अस्वस्थतेवर मोजावं. मला यात एक अडचण वाटते. अस्वस्थता कच्च्या कथेनेही येते, वर्तमानपत्रातल्या बातमीनेही येते. म्हणून मी परत बागुलांकडेच जातो, कारण तिथे अस्वस्थता बांधलेली आहे, पायरी पायरीने.

बोलीभाषेत लिहिलं की कथा खरी होते का?

नाही. हा आमच्या अंकाकडे येणाऱ्या कथांतला सर्वांत मोठा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक कथा अशा येतात: ‘तो विहिरीच्या काठाशी गेला. त्याने दोर खाली सोडला. पाण्याचा आवाज आला नाही. “पानी लई खोल गेलंय गा,” तो म्हणाला.’ निवेदन पुण्याचं, संवाद गावचा. लेखकाला वाटतं बोली आली. प्रत्यक्षात काय झालं? निवेदक इस्त्रीचे कपडे घालून विहिरीपासून चार हात लांब उभा राहिला आणि ‘हा कसा बोलतो बघा’ म्हणून दाखवू लागला. विहीर त्याची नाही.

आता हेच असं: ‘दोर सोडला. सोडला. आजून सोडला. हाताला हिसका बसंना.’ इथे सांगणाराच दोर धरून आहे. पाणी खोल गेल्याचं त्याला बोलून दाखवावं लागत नाही. आनंद यादवांच्या ‘खळाळ’मधल्या कथांत निवेदनच बोलीत आलं तेव्हा हा फरक मराठीत ठसठशीत दिसला.

याचा अर्थ दर वेळी निवेदन बोलीतच हवं असा नाही. कधी कधी अंतर हाच कथेचा विषय असतो. शिकून शहरात गेलेला मुलगा गावाकडे परततो, त्याच्या निवेदनात प्रमाण मराठी असायलाच हवी आणि एखादा शब्द मध्येच घसरायला हवा. कुठला शब्द घसरतो, ते मात्र लेखकाला माहीत हवं.

आणि कृपा करून ‘ळ’चा ‘य’ किंवा ‘ण’चा ‘न’ केला की वऱ्हाडी झाली असं समजू नका. वऱ्हाडी माणूस पहिल्या ओळीत पकडतो.

शेतकऱ्यावरची कथा आत्महत्येवरच का संपते?

कारण शेवट सोपा मिळतो. रागावू नका, पण वर्षाला किमान दहा कथांत शेवटच्या ओळीत दोर किंवा कीटकनाशकाची बाटली असते. मरण खरं आहे, कथा खोटी. कर्ज कुणाचं, किती टक्क्यांचं, सोसायटीचं की सावकाराचं, बियाणं कधी उगवलं नाही, दुकानदार काय म्हणाला, यातलं काही नसतं.

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ वाचा. बाजारात टमाट्याला भाव नाही. बाप हताश होऊन टमाट्याच्या ढिगावर चढून नाचतो, तुडवतो, आणि मुलगा ते पाहतो. कुणी मरत नाही. पण लाल रंग आहे, चिखल आहे, पिकवणाऱ्याचेच पाय आहेत. चंदनशिवांनी मुलाची नजर घेतली म्हणून अर्थशास्त्र सांगायची वेळ आली नाही. पोराला भाव पडण्याची कारणं कळत नाहीत, बापाचा चेहरा कळतो. ही कथा पाठ्यपुस्तकातून अनेकांपर्यंत पोचली. टमाटे रस्त्यावर ओतल्याची बातमी आली की लोक अजून तिचंच नाव घेतात.

अलीकडचं हवं असेल तर आसाराम लोमटे. परभणीत पत्रकारिता करणारा हा लेखक, ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार. बातमीदाराला गावातले सगळे तपशील माहीत असतात आणि त्यातच कथा बुडण्याचा धोका असतो. लोमट्यांच्या कथेत तपशील दाट आहेत, पण ते सत्तेभोवती लागलेले आहेत: कोण कुणापुढे दबकतो, कुणाचा शब्द चालतो. गाव म्हणजे गरीब बिचारा आणि दुष्ट पाटील, हे चित्र तिथे चालत नाही.

शहरातल्या कथेचं काय? ती नुसती एकटेपणाची का असते?

सगळी नसते. जयंत पवार वाचा. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईकराला ‘फिनिक्स’ म्हटलं की आधी लोअर परळ आठवतं: तिथे फिनिक्स मिल होती, आता मॉल आहे. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याची मिथककथा आणि गिरणीच्या जागेवर उठलेला झगमगाट एकाच शब्दात बसवलाय. हे नाव सुचणं म्हणजे अर्धी कथा सुचणं.

पवार मूळचे नाटककार. गिरणी कामगाराच्या घरावरचं ‘अधांतर’ त्यांचंच. कथेत मात्र त्यांनी सरळ वास्तववाद पुरेसा मानला नाही. रहस्यकथेचा बाज, गोष्टीत गोष्ट, अद्भुत, अफवा हे सगळं आणलं. माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं: गिरणगावात जे झालं ते तिथल्या माणसालाच पटण्यासारखं नव्हतं. काल भोंगा होता, आज काचेची इमारत आहे आणि दारात त्याच चाळीतला पोरगा पहारेकरी आहे. असल्या जागी अद्भुत हीच साधी भाषा होते.

किरण गुरवांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (पुरस्कार 2021 चा) याच्या अलीकडे-पलीकडे उभा आहे. गाव सुटलेलं पण मनातून गेलेलं नाही, शहर लाभलेलं पण आपलं झालेलं नाही, असा तरुण. त्यातला विनोद मला फार आवडतो. करुण गोष्ट हसत सांगायची कोल्हापूरकडची रीत त्यात आहे.

स्त्रियांच्या कथांना ‘घरगुती’ म्हणतात. तिथे सामाजिक संदर्भ कमी असतो का?

घर समाजाबाहेर असतं असं मानणाऱ्यांनाच तसं वाटू शकतं.

गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (1980) मधल्या बायका विचार करतात आणि विचार करण्याबद्दल माफी मागत नाहीत. मेघना पेठे यांच्या ‘हंस अकेला’त शहर एकट्या बाईच्या देहाला काय किंमत लावतं ते दिसतं. ऊर्मिला पवारांच्या ‘कवच’मध्ये आई आंबे विकते, गिऱ्हाईक आंब्यांवरून द्वयर्थी बोलतं आणि शाळकरी मुलगा लाजेने कावराबावरा होतो. बाजारातल्या एका सौद्यात जात, बाईचं शरीर आणि शाळेने मुलाला शिकवलेली लाज एकत्र येतात. ‘घरगुती’ म्हणून ही कथा बाजूला ठेवणाऱ्याने ती वाचलेली नसते.

कथा छोटी की दीर्घ? हल्ली सगळं लांबच लांब का?

दिवाळी अंकांमुळे, थोडक्यात. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं पीक वर्षातून एकदाच जोमात येतं. महिन्याच्या महिन्याला कथा छापणारी मासिकं आटली आणि दिवाळी अंकाला पंधरा-वीस पानांचं वावडं नाही. भारत सासण्यांसारख्यांनी दीर्घकथा हा खास प्रकार म्हणून कमावला. बाकी बऱ्याच लेखकांची दीर्घकथा म्हणजे न कापलेली लघुकथा असते.

लेखकाची जात आणि गाव बघून कथा वाचावी का?

आधी कथा वाचा. मग निवेदक कुठे उभा आहे ते बघा. मग वाटलं तर लेखक. क्रम उलटा केला की आपण कथा वाचत नाही, दाखला तपासतो. पण क्रम पाळूनही शेवटी लेखक कोण हे कळल्यावर कथेचा रंग बदलतो, असं मला अनेकदा झालंय, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परीक्षेत ‘कथेतील सामाजिक जाणीव स्पष्ट करा’ असं आलं तर?

हा प्रश्न जून आणि ऑक्टोबरमध्ये फार येतो. कथेतली एक वस्तू निवडा, धोतर, बोटं, टमाटे, आणि ती कथेत कुठे कुठे आली ते क्रमाने लिहा. ‘लेखकाने समाजातील विदारक वास्तवाचे दाहक चित्रण केले आहे’ हे वाक्य तपासनीसाने त्या दिवशी ऐंशी वेळा वाचलेलं असतं. गुण मिळतील की नाही, ते माझ्या हातात नाही.

मी सामाजिक प्रश्नावर कथा पाठवली होती, ती परत आली. का?

प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं, पण एक उदाहरण सांगतो. मागे एक कथा आली. शहरातलं घर, शिकलेली बाई, घरकामाला येणाऱ्या मावशी. बाई प्रेमळ, मावशींच्या मुलीची फी भरणारी. दुपारी चहा होतो. कथेत ओळ होती: ‘ताईंनी खालच्या फळीवरचा, कान तुटलेला कप काढला आणि गाळणं त्यावर धरलं.’ मावशी कप दोन्ही हातांनी धरून पितात, कारण कान नाही. चहा झाल्यावर त्या तो स्वतःच विसळतात आणि फळीवर पालथा ठेवतात, बाकीच्या कपांपासून वीतभर दूर. सगळं एवढ्यात होतं. बाईला आपण काही केलं असं वाटत नाही, मावशीलाही आपल्याला काही झालं असं वाटत नाही. निदान तसं दाखवत नाहीत.

मग पुढचा परिच्छेद: आजही सुशिक्षित समाजात अस्पृश्यता वेगळ्या रूपात कशी जिवंत आहे, यावर अकरा ओळी.

लेखिकेला मी फोन केला. त्या अकरा ओळींसाठीच कथा लिहिली, असं त्या म्हणाल्या. बराच वेळ बोललो, थोडं भांडलोही. आठवड्याने त्यांची मेल आली: ‘काढा. पण कपाला हात लावू नका.’ त्या अंकात ती कथा चार पानांत बसली, आणि शेवटची ओळ फळीवरच्या पालथ्या कपाची आहे.